गाडी जुनी, हिशेब नवा : प्रस्तावना

जुनी गाडी स्वस्त का मिळते? कारण तिच्यावर करायचं राहिलेलं काम गाडीसोबत नव्या मालकाकडे येतं. यात फसवणूक असतेच असं नाही. गाडी विकायची ठरली की पुढच्या वर्षी बदलायचा टायमिंग बेल्ट, झिजत आलेली क्लच प्लेट, कडक पडलेले टायर यांवर कुणी पैसे घालत नाही. आपणही घातले नसते. म्हणून अडीच लाखांना घेतलेली गाडी अडीच लाखांची नसते. तिची खरी किंमत कळायला वर्ष जातं आणि तोवर बहुतेकांचा गाडीवरचा, विकणाऱ्यावरचा आणि मेकॅनिकवरचाही विश्वास उडालेला असतो. ही किंमत आधी कशी ओळखायची, आणि ओळखल्यावर कोणता खर्च मुकाट्यानं करायचा नि कोणता ठामपणे नाकारायचा, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे.

‘जुनी’ म्हणजे इथे आठ ते पंधरा वर्षांची, रोजच्या वापराची गाडी. स्विफ्ट, वॅगन आर, अल्टो, सँट्रो, आय-टेन, इंडिका, अशा आपल्या गल्लीत उभ्या दिसतात त्या. रविवारी फडक्यानं पुसून मिरवणुकीत न्यायच्या विंटेज गाड्यांशी या पुस्तकाचा संबंध नाही. आईवडिलांना दवाखान्यात न्यायला, मुलांना घेऊन गावी जायला, पावसात दुचाकी नको म्हणून ज्यांनी पहिली गाडी सेकंड हँड घेतली किंवा घ्यायचं चाललंय, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

असं पुस्तक आत्ताच का, याचं उत्तर थोडं मागे जाऊन द्यावं लागेल. कुर्ल्याच्या कारखान्यातून येणारी पद्मिनी किंवा उत्तरपाऱ्याची अँबॅसिडर ज्यांच्या दारात असे, त्यांना गाडीची देखभाल वेगळी शिकवावी लागत नसे. सकाळी निघण्याआधी रेडिएटरमधलं पाणी आणि डिपस्टिकवरचं ऑइल बघणं हा शिरस्ता होता. काँटॅक्ट पॉइंट घासायला पॉलिश पेपर डिकीत असायचा, कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकला तर रस्त्याकडेला उभं राहून तो काढता येई. गाडी काम काढणारच, हे गृहीत होतं.

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 रस्त्यावर आली आणि ही सवय हळूहळू सुटली. गाडी सेल्फ मारला की चालू होऊ लागली, घाटात उकळेनाशी झाली. पुढे कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, तेव्हा बॉनेट उघडून हात घालण्यासारखं फारसं उरलंच नाही. वर्षातून एकदा शोरूमला गाडी दिली, बिल भरलं, झालं. एका पिढीची समजूत झाली की चांगली गाडी म्हणजे जिच्याकडे बघावं लागत नाही ती. त्याच चांगल्या गाड्या आता म्हाताऱ्या होऊन दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आल्या आहेत. या मालकाकडे पद्मिनीवाल्यांचा हात नाही आणि पहिल्या मालकाचं शोरूमचं वेळापत्रकही नाही. अपेक्षा मात्र नव्या गाडीच्या आहेत. बहुतेक मनस्ताप या फटीतून येतो.

म्हणून सुरुवात अपेक्षेपासून. ‘गाडी किती चाललीय?’ हा आपला पहिला प्रश्न असतो आणि बहुधा शेवटचाही. पण झीज एकाच मापानं होत नाही. लोखंड किलोमीटर मोजतं, रबर वर्षं मोजतं आणि पत्रा पावसाळे मोजतो. बारा वर्षांत पस्तीस हजारच चाललेली गाडी म्हणजे लॉटरी, असं समजून लोक चार पैसे जास्त देतात. तिचं इंजिन ताजं असेलही, पण होस पाइप, बेल्ट, बुश, सील, टायर आणि ब्रेकच्या रबरी नळ्या बारा वर्षांच्याच आहेत. उभ्या गाडीत बॅटरी मरते, ब्रेक डिस्क गंजतात, उंदीर वायरिंग कुरतडतात. नेमानं सर्व्हिस होत एक लाख दहा हजार चाललेली गाडी पुष्कळदा तिच्यापेक्षा कमी त्रास देते. शिवाय मीटर मागे फिरवणं अवघड राहिलेलं नाही. पायातल्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, स्टिअरिंगवरचं टेक्स्चर पुसून चकाकी आलीय आणि मीटर म्हणतोय चाळीस हजार, तर पेडलवर विश्वास ठेवावा.

लोखंडाची झीज तुलनेनं प्रामाणिक असते. ती सांगून येते. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की इंजिन ऑइल खातं आणि निळसर धूर मारतं. क्लच प्लेट संपत आली की चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज चढतो, गाडी मात्र तितकी पळत नाही. व्हील बेअरिंग वेगाबरोबर वाढत जाणारा घूं असा आवाज काढतं. दोन सर्व्हिसच्या मध्ये अर्धा-एक लीटर ऑइल घालावं लागलं तर घाबरू नये. वयाचा भाग आहे. हजार किलोमीटरला लीटर जाऊ लागलं, तर इंजिन काम निघालं असं धरून पैशांची तजवीज करावी.

रबराचं तसं नाही. ते गुपचूप जातं आणि जाताना दुसऱ्याला घेऊन जातं. एकच उदाहरण जवळून बघू. समोरच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्याला गॅरेजमध्ये सगळे एक्सल म्हणतात. त्याच्या चाकाकडच्या सांध्यावर घडीघडीचं काळं रबरी बूट असतं, आत ग्रीस भरलेलं. दहा-बारा वर्षांत घडीच्या तळाशी बारीक चीर पडते. चाक फिरताना ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि चाकाच्या आतल्या बाजूला, सस्पेन्शनवर काळे चिकट शिंतोडे दिसतात. याच वेळी बूट आणि ग्रीस बदललं तर काम थोडक्यात भागतं. नाही बदललं, तर चिरेतून रस्त्याची माती आणि पावसाचं पाणी आत जातं, ग्रीसचा पॉलिश पेपर होतो आणि काही महिन्यांत पूर्ण स्टिअरिंग वळवून यू-टर्न घेताना कट-कट-कट असा आवाज येऊ लागतो. आता बूट बदलून उपयोग नाही, सांधाच गेला. आधी शेकड्यांत भागलं असतं, ते बिल हजारांत जातं. जुन्या गाडीची बहुतेक मोठी बिलं अशी लहान रबरातून जन्मतात. म्हणून दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर गाडी लिफ्टवर घेऊन टॉर्चनं खालून बघणं, हा या पुस्तकातला पहिला नेम आहे.

टायमिंग बेल्टचं प्रकरण याच जातीचं, फक्त जास्त महाग. मारुती 800 आणि जुन्या सँट्रोच्या इंजिनात रबरी बेल्ट आहे. 2010 च्या सुमाराच्या के-सिरीज पेट्रोल इंजिनात आणि स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत कितीतरी गाड्यांत बसलेल्या फियाटच्या 1.3 डिझेल इंजिनात त्या जागी साखळी आहे. साखळी आवाज करून इशारा देते, बेल्ट बरेचदा काही न बोलता तुटतो. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की वर येणारा पिस्टन उघड्या वाल्व्हवर आदळतो आणि हेड उघडावं लागतं. त्यामुळे आधीच्या मालकाकडे बेल्ट बदलल्याचं बिल नसेल, तर ‘बदललाय हो’ या शब्दावर विसंबू नये. बिल नाही म्हणजे बदललेला नाही, असं धरून चालावं.

टायरचं वय तर त्याच्यावरच छापलेलं असतं. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे शोधा. 2319 म्हणजे 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांनंतर रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की ते कळतं. विकणारा ‘टायर नवीन आहेत’ म्हणतो तेव्हा खाली बसून हे आकडे वाचावेत.

आता पावसाळे. कोकणात आणि गोव्यात समुद्राच्या खाऱ्या हवेत राहिलेली गाडी आणि सोलापूर-लातूरकडे राहिलेली गाडी यांचं मॉडेल, वर्ष, रनिंग सगळं सारखं असलं, तरी पत्रा सारखा नसतो. दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती माती-पानांनी बुजली की पाणी आत साचतं आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेर रंगाला फुगा येतो तेव्हा आत काही उरलेलं नसतं. गाडी बघताना मॅट उचलून खालच्या कार्पेटला हात लावावा. ओल किंवा कुबट वास असेल तर दरवाजाचं रबर, काचेचं सील किंवा एसीचा ड्रेन यांपैकी काहीतरी गेलं आहे. इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो. सांगाडा गंजला की गाडी संपली. ताज्या टचअपचा चमकदार रंग बघून भुलणाऱ्यांसाठी यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहावं लागलं.

यापुढे गाडीतली पाणी-तेलं. देखभालीचा हा सगळ्यात स्वस्त भाग आणि सगळ्यात जास्त हयगय इथेच. थंड इंजिनावर रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण उघडून आत बघा. हिरवं, लाल किंवा निळं स्वच्छ द्रव दिसलं तर आधीच्या मालकाला एक गुण द्यावा. चहासारखं तपकिरी पाणी दिसलं तर गाडीनं बरीच वर्षं नळाचं पाणी प्यायलं आहे. कूलंट हे केवळ थंड ठेवण्यासाठी नसतं, आतल्या धातूला गंज आणि क्षार धरू न देणं हेही त्याचं काम. साध्या पाण्यानं रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात, वॉटर पंपाची पाती खाल्ली जातात आणि एप्रिलमध्ये घाट चढताना गाडी गरम होते. मग कुणीतरी मेकॅनिक थर्मोस्टॅट काढून टाकतो. गाडी गरम व्हायची थांबते, मालक खूश. पण आता इंजिन त्याच्या योग्य तापमानाला लवकर येतच नाही. आतला कॉम्प्युटर इंजिन थंड आहे असं समजून पेट्रोल जास्त सोडत राहतो, ॲव्हरेज घसरतं, आणि बुजलेला रेडिएटर होता तिथेच राहतो. दुखणं झाकणारी दुरुस्ती म्हणजे काय, हे याहून चांगल्या उदाहरणानं सांगता येणार नाही.

ब्रेक ऑइलही असंच दुर्लक्षित. ते हवेतली ओल शोषतं. ओल मुरलेलं ऑइल लांबलचक उतारावर, आंबोली किंवा आंबा घाट उतरताना, तापून उकळू शकतं आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. दर दोन वर्षांनी ते बदलायचं, एवढंच. यात घासाघीस नाही.

मग जुन्या गाडीकडून काय अपेक्षा ठेवावी? खराब रस्त्यावर डॅशबोर्ड थोडा खडखडेल, पॉवर विंडो सावकाश चढेल, थंडीत पहिला सेल्फ थोडा लांबेल, ॲव्हरेज कंपनीच्या जाहिरातीइतकं मिळणार नाही. हे चालवून घ्यावं. एसीचा गॅस दर उन्हाळ्यात ‘संपतो’, हे मात्र चालवून घेऊ नये. गॅस संपत नसतो, गळतो. गळती न शोधता तो भरत राहणं म्हणजे दरवर्षी पैसे हवेत सोडणं. स्टिअरिंग, ब्रेक, टायर आणि इंधनाच्या नळ्या या चार बाबतींत तर ‘बघू पुढच्या महिन्यात’ हे वाक्यच काढू नये. दोन-तीन वर्षांनी एखादं मोठं काम निघेल, हेही धरून चालावं. ते निघालं म्हणजे गाडी दळभद्री निघाली, असा अर्थ होत नाही.

पेट्रोलच्या गाड्यांसाठी आता आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळू लागलं आहे आणि त्याला साजेसे सुटे भाग असलेल्या गाड्या एप्रिल 2023 पासून येऊ लागल्या. त्याआधीच्या गाड्या हे इंधन डोळ्यासमोर ठेवून बनलेल्या नाहीत. इथेनॉलमध्ये लीटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरणारच. इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या आणि सील यांच्यावर मात्र नजर ठेवावी. पेट्रोलचा वास आला तर थांबून शोध घ्यावा.

मेकॅनिकबद्दल पुस्तकात बरंच आहे, इथे एवढंच सांगतो की चांगला मेकॅनिक तो, जो काढलेला जुना भाग न मागता हातात देतो. सुट्या भागांच्या बाबतीत आपण सुदैवी आहोत. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याकडे चालू मॉडेलचं काहीही मिळतं, आणि इंजिन बोअर करणं, हेड फेसिंग अशी कामं कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. पण हे खपलेल्या गाड्यांबद्दल खरं. शेव्हरोलेनं 2017 अखेर भारतातली विक्री थांबवली, फोर्डनं 2021 मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. तळेगावात बनलेली शेव्हरोलेची बीट आज फार कमी पैशांत मिळते, आणि गाडी वाईट नाही. तिचे फिल्टर, ब्रेक पॅड मिळतीलही; हेडलाइट किंवा पुढची काच फुटली की मग शोधाशोध सुरू होते. ती स्वस्ताई ही त्या शोधाशोधीची आगाऊ भरपाई समजावी आणि ती करायची तयारी असेल तरच घ्यावी.

कागदांचीही झीज असते. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग, त्यात पर्यावरण कर. नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क 600 रुपयांवरून एप्रिल 2022 पासून 5,000 झालं आणि ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या मोटारींसाठी ते 10,000 करण्यात आलं. चौदा वर्षांची गाडी घेणाऱ्यानं हा खर्च आणि पासिंगसाठी करावी लागणारी डागडुजी पहिल्या दिवशीच किमतीत धरावी.

पैशांचा माझा ठोकताळा असा : खरेदीच्या रकमेच्या वीस टक्के वेगळे ठेवल्याशिवाय जुनी गाडी घेऊ नये. पहिल्या महिन्यात सगळी तेलं, कूलंट, फिल्टर, बिल नसल्यास टायमिंग बेल्ट, आणि गरज असेल तर टायर व बॅटरी. याला मी गाडीचा शून्य दिवस म्हणतो. त्या दिवसापासून प्रत्येक भागाचं वय आपल्याला माहीत असतं आणि ‘आधीच्यानं काय केलं देव जाणे’ हा प्रश्न संपतो. त्यानंतरचा खर्च वहीत तारीख, किलोमीटर, काम, रक्कम असा चार रकान्यांत लिहावा. ही वही तीन-चार वर्षं भरली की गाडी ठेवायची की काढायची, हे मेहुण्याला विचारावं लागत नाही. लागोपाठ दोन वर्षं खर्च चढता असेल, सांगाड्याला गंज लागला असेल, किंवा एकाच कामाचा आकडा गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर जात असेल, तर प्रेम बाजूला ठेवून निरोप द्यावा. पण नवीन गाडीचा दोन महिन्यांचा हप्ता जेवढा, तेवढं एखादं काम निघालं म्हणून हातपाय गाळणं, हा चुकीचा हिशेब आहे.

पुस्तकाची मांडणी याच क्रमानं केली आहे. पहिल्या भागात गाडी बघणं, दुसऱ्यात शून्य दिवस, तिसऱ्यात वर्षाचं वेळापत्रक, चौथ्यात आवाज, वास आणि धूर यांवरून दुखणं ओळखणं. घाईत असाल तर चौथा भाग आधी वाचला तरी चालेल. ज्या गॅरेजवाल्यांनी काम थांबवून, काळ्या हातानं भाग उलगडून दाखवले, त्यांचं ऋण मोठं आहे. बऱ्याच ओळी त्यांच्याच तोंडच्या आहेत.

शेवटचं प्रकरण गाडी विकण्यावर आहे. आज घेणारा प्रत्येकजण उद्याचा विकणारा आहे. विकताना आरसी नव्या मालकाच्या नावावर झाल्याची खात्री करून घ्या, कारण नोंद आपल्या नावावर असेतोवर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आपल्याकडे येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. आणि चावीबरोबर ती वही द्या. राहिलेलं काम त्यात लिहून द्या आणि तेवढी किंमत कमी करा. नेमानं लिहिलेली वही आणि बिलांची फाइल समोर ठेवली, की घासाघीस करणारा गिऱ्हाईकही गाडीचा भाव वेगळ्या नजरेनं बघतो. उघडपणे सोपवलेल्या कामाला फसवणूक म्हणता येत नाही.